काचेला घसारा नसतो

‘जसे आहे, जेथे आहे’ हे चार शब्द वाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी एखाद्या वास्तववादी लेखकाच्या जाहीरनाम्यातले वाटावेत. प्रत्यक्षात ती लिलावाच्या सूचनेतली अट आहे. बँकेने ताब्यात घेतलेले घर असो, जप्तीतला ट्रॅक्टर असो वा अपघातात चेपलेली मोटार असो, विकणारा या चार शब्दांत आपली सगळी जबाबदारी उतरवून ठेवतो. वस्तू अशी आहे, इथे आहे. तीत काय बिघडले आहे ते तुम्ही पाहून घ्या. तुम्हाला दिसले नाही, तर तो दोष तुमच्या डोळ्यांचा. गेली बावीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. संहितेचे सूक्ष्म वाचन, अनुक्तातून उमगणारा अर्थ, विश्वासार्ह नसलेला निवेदक हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. परंतु आपल्याला हवा तोच अर्थ वाचण्याची खोड माझ्यात किती खोलवर आहे, हे मला एका मोडक्या गाडीपाशी उभे राहिल्यावर कळले. ती हकीकत इथे सांगायची आहे.

आम्ही परंड्याला राहतो. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे हे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते तेव्हाही आणि २०२३ साली ते बदलल्यावरही आमचा दवाखाना शेजारच्या जिल्ह्यातल्या बार्शीलाच राहिला, कारण तो रस्ता जवळचा. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एकोणऐंशी वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. २०२४ च्या पावसाळ्यापासून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बार्शीला न्यावे लागते. जाताना एसटी चालते. परतताना मात्र चार तास यंत्राला जोडलेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, पोटऱ्यांत गोळे येत असतात, आणि अशा अवस्थेत स्थानकाच्या बाकावर बसून गाडीची वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक. म्हणून आम्ही भाड्याची गाडी करू लागलो. एका खेपेचे बाराशे रुपये, महिन्याच्या आठ-नऊ खेपा. म्हणजे दरमहा दहा हजारांच्या आसपास. स्वतःची एखादी जुनी गाडी असावी, हा विचार घरात त्या आकड्यानेच आणला. बाजूला काढून ठेवलेले दोन लाख रुपये माझ्यापाशी होते. ते एकदा चुकीच्या ठिकाणी गेले असते, तर पुन्हा जमवायला माझी उरलेली नोकरी पुरली नसती.

गाड्यांच्या खरेदी-विक्रीत पडलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिलावाचे सुचवले. सोलापूरच्या बाजूला एक यार्ड आहे, तिथे हप्ते थकलेल्या, अपघातात सापडलेल्या, विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या उभ्या असतात. पाहण्याची मुभा चार दिवस, बोली मोबाइलवर, बयाणा आधी भरायचा. त्याच्या नावावर मलाही बोली लावता येणार होती. ही २०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. त्याने पाठवलेल्या यादीत एक ओळ होती: पेट्रोल, २०१९, अपघातग्रस्त, किमान बोली ६०,०००, जसे आहे जेथे आहे. त्याच बनावटीची, त्याच वर्षाची धडधाकट गाडी बाजारात दोन लाख ऐंशी हजारांना जात होती. दोन आकडे शेजारी दिसले की मन वजाबाकी करतेच. माझ्या मनाने ती यादी मिटण्याआधीच केली होती.

पहिल्या फेरीला मी एकटाच गेलो. गाडी पांढरी, छोटी. डावा कोपरा चेपलेला. बंपर तुटलेला, बॉनेट दुमडलेले, डावा फेंडर आत गेलेला, एक हेडलाइट नाही, पुढच्या काचेला डावीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. उजवी बाजू मात्र अशी की जणू काल शोरूममधून बाहेर आली. मी वही काढली. वाटेत सोलापूरच्या दोन दुकानांत भाव विचारून घेतलेले होतेच. बंपर ४,०००, बॉनेट ९,०००, फेंडर ४,०००, हेडलाइट ५,०००, काच ६,०००, पत्राकाम आणि रंग २२,०००. बेरीज पन्नास हजार. साठात पन्नास मिळवले तर एक लाख दहा हजार. दोन लाख ऐंशी हजारांची वस्तू एवढ्यात! बोली वीस-तीस हजारांनी चढली तरी हरकत नव्हती. परतीच्या एसटीत मी ती बेरीज चार वेळा केली, आणि प्रत्येक वेळी ती बरोबर आली. बेरीज बरोबर असल्याने अंदाजही बरोबर असणार, असे मला त्या प्रवासात वाटत राहिले, हे आता लिहिताना संकोच होतो.

गाडी तिथे का आली असावी, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता. आपल्याकडे विम्याचा नियम असा की, गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च तिच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर ती ‘पूर्ण हानी’ समजायची. म्हणजे कुणा परवानाधारक सर्व्हेअरने ही गाडी माझ्या आधी पाहिली होती. तिच्याखाली वाकून, झाकणे उघडून, यादी करून ती दुरुस्तीच्या पलीकडे असल्याचे लिहिले होते. आणि मी, ज्याला स्पॅनरचे क्रमांक ठाऊक नाहीत, त्या निष्कर्षाला सहा ओळींत खोडून काढत होतो. या सर्व्हेअर मंडळींचे एक कोष्टक असते. भरपाई देताना बदललेल्या सुट्या भागांच्या किमतीतून किती घसारा वजा करायचा, ते त्यात दिलेले असते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी, एअरबॅग यांना पन्नास टक्के. फायबरला तीस. पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, पुढे चढत जाऊन पाच ते दहा वर्षांच्या गाडीला चाळीस, दहाच्या वर पन्नास. या कोष्टकात एकच वस्तू अशी आहे की जिच्यापुढे शून्य लिहिलेले असते. ती म्हणजे काच. काच जुनी होते असे विमाशास्त्र मानत नाही. ही माहिती मला तेव्हा गमतीची वाटली होती.

दुसऱ्या फेरीला मी गावातल्या एका मिस्त्रींना बरोबर नेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. पस्तीस-चाळीस वर्षे त्यांचे गॅरेज आहे, आणि दिवसाची मजुरी द्यायची म्हटल्यावर त्यांनी ती आधी ठरवून घेतली, गाडी घेतली काय किंवा न घेतली काय, मजुरी तीच. त्यांचे हे म्हणणे मला जरा रुक्ष वाटले होते. नंतर समजले की, ज्याची मिळकत सौदा होण्यावर अवलंबून नाही असा एक तरी डोळा अशा ठिकाणी सोबत हवा.

यार्डात शिरताच माझे लक्ष भलत्याच गाडीकडे गेले. चेपलेली नाही, खरचटलेली नाही, रंग चकचकीत, किमान बोलीही कमी. मी थबकलेला पाहून चाचा दार उघडून आत बसले आणि ड्रायव्हरचा पट्टा शेवटापर्यंत ओढत गेले. रोज जेवढा पट्टा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. त्यापुढचा, जो एरवी गुंडाळलेलाच असतो, त्यावर मातीची आडवी रेघ होती. “सर, ही पान्यातली हाय,” ते म्हणाले. मग आसनाखालचे गंजलेले बोल्ट, गालिच्याच्या खालचा वाळलेला गाळ आणि एक उग्र दर्प, जो अत्तराच्या डबीने दाबलेला होता. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने आमच्या परंडा-भूम भागात काय केले ते मी डोळ्यांनी पाहिले होते. घरात शिरलेले पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ उरते, तीच ही. पाण्यात बुडालेल्या गाडीचे पत्रे शाबूत असतात. बिघडतात ते वायरींचे सांधे, नियंत्रक पेट्या, सेन्सर, आणि तेही एकदम नव्हे तर महिन्यामहिन्याने. तिच्या दुरुस्तीचा अंदाज करता येत नाही, म्हणून शहाणा माणूस करतच नाही. गाडी स्वच्छ धुतलेली असली तर लोक पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहत नाहीत, एवढ्यावर ती विकली जाते.

मग आम्ही माझ्या गाडीपाशी आलो. ‘माझ्या’ असे मी तेव्हाच म्हणू लागलो होतो. चाचांनी मोडलेल्या कोपऱ्याकडे पाहिलेही नाही. ते प्रथम गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथून दारांच्या फटी बघितल्या: वर रुंद, खाली निमुळत्या. मागचे झाकण उघडून लावले, ते किंचित घासले. मार पुढे बसला असताना मागचे झाकण का घासावे? पुढचा धक्का साऱ्या अंगातून मागपर्यंत गेल्याची ती खूण होती. मग ते पोते अंथरून खाली सरपटले आणि बराच वेळ तिथून काही बोलले नाहीत. हल्लीच्या छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. अंगच चौकटीचे काम करते. तरी बॉनेटखाली इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे गेलेल्या लोखंडी पट्ट्यांना आमचे मिस्त्री चासीच म्हणतात. डावी पट्टी आत मुडपली होती. “बाहेरचं तुम्ही लिवलंय ते बरोबर हाय,” चाचा बाहेर येत म्हणाले, “आता आतलं लिवा.”

मी लिहीत गेलो. रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, गॅस: १४,०००. डाव्या चाकाचा खालचा आर्म, शॉकअप, स्टिअरिंगचा रॅक: १८,०००. चासी यंत्रावर ओढून सरळ करणे: १५,०००. फुटलेली एअरबॅग, तिची नियंत्रक पेटी आणि अडकलेला पट्टा: ३५,०००. वायरिंग: ८,०००. टायर आणि बॅटरी, कारण उभ्या गाडीचे दोन्ही जातात: १२,०००. टोचन करून परंड्यापर्यंत आणणे: ५,०००. नावावर करणे, कर्जाचा बोजा उतरवणे, विमा: ८,०००. ही बेरीज एक लाख पंधरा हजार झाली. माझे पन्नास मिळून एक लाख पासष्ट. मी वही मिटणार तोच ते म्हणाले, “त्यात पाचवा हिस्सा टाका. खोलल्याशिवाय दिसत न्हाई ते.” तेहतीस हजार. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. मी सहा ओळींत जे पाहिले होते ते खऱ्या खर्चाच्या एक चतुर्थांश होते. शिवाय अपघाताची गाडी कितीही नीट केली तरी खरे सांगून विकताना ती दोन लाख वीस हजारांवर जात नाही, असे चाचांचे मत पडले. दोन लाख वीस हजारांतून एक लाख अठ्ठ्याण्णव हजार वजा केले की उरतात बावीस हजार. या गाडीला प्रामाणिक माणसाने लावायची कमाल बोली एवढीच होती. किमान बोली साठ हजार होती.

आणि तरीही मी काटछाट करू लागलो. टायर सध्या चालतील. बॅटरी घरच्या इन्व्हर्टरवाल्याकडून स्वस्तात मिळेल. जुन्या बाजारातला रेडिएटर घेऊ. पाचवा हिस्सा कशाला, दहावा पुरे. कवितेचा अर्थ आधी ठरवून मग ओळींना तिकडे वळवणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो आणि त्यांचे गुण कापतो. मी तेच करीत होतो, फक्त पेन्सिलीने.

चाचा तोवर पुढच्या काचेपाशी उभे होते. त्यांनी हाताचा पंजा बाहेरून त्या जाळ्यावर टेकवला आणि मला म्हणाले, “हात लावून बगा.” मी लावला. तड्यांचा तो भाग बाहेर फुगलेला होता. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा. ती फुटली तरी विखरत नाही, आणि मार ज्या बाजूने बसला त्याच्या उलट बाजूला फुगून राहते. दगड किंवा फांदी बाहेरून आदळली असती तर फुगवटा आत असता. “आतून फुटलीय,” ते म्हणाले. त्यांनी दोन्ही पट्टे ओढून दाखवले. ड्रायव्हरचा पट्टा अर्धा बाहेर येऊन अडकला होता, म्हणजे तो त्या क्षणी माणसाच्या अंगावर होता. डावीकडचा सरसर बाहेर आला आणि सरसर आत गेला, नव्यासारखा. २०१९ च्या जुलैपासून ड्रायव्हरपुढची एअरबॅग सक्तीची झाली होती. शेजारच्या आसनापुढची सक्तीची व्हायला २०२१ उजाडले. या गाडीत डावीकडे एअरबॅग नव्हतीच. आरशाला कवड्यांची माळ अडकवलेली होती, तुळजापूरहून आणलेली असावी. ती तशीच होती.

माझ्या वहीत त्या जागी ‘काच: ६,०००’ असे लिहिले होते. दुकानातल्या भावाप्रमाणे ते बरोबरही होते.

रात्री घरी आल्यावर अण्णांनी वही मागून घेतली. बेरजा तपासण्याची त्यांची सवय अजून गेलेली नाही. बेरजा तपासून झाल्यावर त्यांनी विचारले, “माणसं वाचली का?” मला ते ठाऊक नव्हते. मी यार्डातल्या माणसाला गाडीच्या कागदांबद्दल, किल्लीबद्दल, टोचनाच्या भाड्याबद्दल विचारले होते. हे विचारायचे सुचले नव्हते. काचेबद्दल मी त्यांना सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी मला १९९३ ची एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत घरात कधी निघाली नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, ती गणपती विसर्जनाची रात्र होती. तेव्हा अण्णांची शाळा उमरगा भागात होती. पुढच्या दिवसांत तलाठी, ग्रामसेवक यांच्याबरोबर काही शिक्षकही पडझडीच्या नोंदी करण्याच्या कामाला लागले, त्यांत ते होते. आपल्याकडची जुनी माळवदाची घरे: दीड-दोन हातांच्या दगडी भिंती, चिखलाचा दर्जा, वर लाकडी खणांवर टनावारी मातीचे छत. या भिंतीची गंमत अशी की, ती एक नसते, दोन असतात. बाहेरचे दगड वेगळे रचलेले, आतले वेगळे, मध्ये खडी-मातीची भर. दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच घातलेले. हादऱ्याने ही दोन अंगे एकमेकांपासून सुटतात. बाहेरून भिंत उभीच दिसते, फक्त पोट किंचित फुगते. पुढे सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि इतर असंख्य घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण झाले, तेव्हा भिंतीत आरपार दगड बसवणे आणि छताचे ओझे कमी करणे हे त्या मजबुतीकरणाचे मुख्य काम होते. पण ते ज्ञान गावोगाव पोचायला वेळ लागला.

“एका घरापाशी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता,” अण्णा म्हणाले. “म्हातारा म्हणत होता, गुरुजी, किरकोळ लिहा, मला गाव सोडायचं नाही. भिंत उभी होती. मी हात लावून पाहिला नाही. ‘दुरुस्तीयोग्य’ असं लिहिलं.” नंतर पाऊस लागला. आठवड्याभराने ते त्याच वाटेने गेले तेव्हा ती भिंत रस्त्यात पडलेली होती. “आत कोणी नव्हतं. सगळी माणसं तेव्हा बाहेर पत्र्याखाली झोपत होती, म्हणून. माझ्या शब्दावर ती आत झोपायला गेली असती तर?” एवढे बोलून त्यांनी माझी वही मला परत दिली. बत्तीस वर्षे हा माणूस एका शब्दाचा हिशेब करीत होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

लिलाव दोन दिवसांनी झाला. आम्ही बोली लावली नाही. पण मी मोबाइल उघडून बसलो होतो. पंधरा मिनिटांत ती गाडी साठ हजारांवरून शहाण्णव हजारांवर गेली. तेव्हा माझ्या मनात आले की, चाचा चुकले असतील. जे लोक रोज हाच धंदा करतात त्यांना काय हिशेब कळत नाही? विद्यार्थ्याला फोन केला. त्याने मोकळेपणाने समजावून सांगितले. एअरबॅग कुणी बसवत नाही. तिच्या जागी नुसते झाकण बसवतात आणि धोक्याचा दिवा विझेल अशी तजवीज करतात. पस्तीस हजार वाचले. चासी यंत्रावर न ओढता घणाने सरळ करतात. पंधरा वाचले. उरला एक लाख पंधरा हजारांचा खर्च, आणि जुने भाग वापरले तर तोही कमी. गाडी ‘अपघात नाही’ म्हणून दोन लाख ऐंशी हजारांना विकायची. शहाण्णव हजार अधिक एक लाख पंधरा हजार म्हणजे दोन लाख अकरा हजार. वर एकोणसत्तर हजार नफा. हिशेबात कुठेही चूक नाही. आमच्या आणि त्यांच्या अंदाजपत्रकांत फरक एवढाच की, त्यांनी दोन रकाने गाळले होते आणि एक वाक्य बदलले होते.

लिलावाच्या अर्थशास्त्रात ‘विजेत्याचा शाप’ नावाची एक कल्पना आहे. १९७१ साली तीन अमेरिकी तेल-अभियंत्यांनी ती मांडली. समुद्रातल्या तेलक्षेत्रांसाठी कंपन्या बोली लावत, आणि जिंकणाऱ्या कंपनीच्या पदरी वारंवार तोटा येई. कारण साधे आहे. जमिनीखाली तेल किती हे कुणालाच निश्चित ठाऊक नसते. प्रत्येकजण अंदाज करतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत अधिक फुगलेला असतो तोच जिंकतो. जिंकणे हाच चुकल्याचा पुरावा. माझ्यासारखा हौशी माणूस लिलावात उतरला तर त्याच्या वाट्याला हा शाप ठरलेला. सराईत व्यापाऱ्याला तो लागत नाही, कारण तो आपला शाप पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतो. शेवटी तो लागतो त्या डाव्या आसनावर बसणाऱ्याला, ज्याने कुठलीच बोली लावलेली नसते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’ असा शेरा मारतात, आणि दुरुस्तीनंतरही तिचा पूर्वेतिहास कागदावर राहतो. आपल्या नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक असतो, रंग असतो, आसनांची संख्या असते. गाडीवर काय गुजरले याचा रकाना नसतो.

आमच्या परंड्याच्या किल्ल्याचा एका लिलावाशी दूरचा संबंध आहे. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ मूळची अहमदनगरात १५४९ साली ओतलेली. ती पुढे परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि इथून आदिलशाहीच्या काळात विजापूरला गेली. सुमारे पंचावन्न टनांचा तो धातू. ब्रिटिश अमदानीत १८५४ साली विजापुरातल्या निरुपयोगी सरकारी मालाची विक्री निघाली, तेव्हा तीत ही तोफही होती. सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. तिथल्या अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली, लोकांच्या मनात तोफेविषयी काय भावना आहे हेही त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने वर कळवले आणि ती विक्री रद्द झाली. बोली लावणाऱ्याचे चुकले होते असे म्हणता येत नाही. त्याने मोड म्हणून धातूचा विचार केला असेल, तो फोडण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च वजा केला असेल. त्याच्या रकान्यांत जे होते त्याची बेरीज दीडशेच येत असेल. प्रश्न रकाने कोणते घ्यायचे एवढाच होता, आणि तो त्या अधिकाऱ्याला पडला. बाहेरची रक्कम कितीही पक्की असली तरी ‘हे सगळे मोजले गेले आहे काय’ असे विचारणारा कुणीतरी लागतो.

दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज करणाऱ्याला मी आता काय सांगेन? गाडी मागून पाहायला सुरुवात करा. पट्टा शेवटापर्यंत ओढा. ज्याची मजुरी सौद्यावर अवलंबून नाही असा माणूस न्या. न दिसणाऱ्यासाठी पाचवा हिस्सा ठेवा. कमाल बोली आदल्या रात्री कागदावर लिहा आणि सकाळी ती खोडू नका. हे सारे उपयोगाचे आहे. परंतु या सगळ्याच्या आधी, त्या गाडीत डावीकडे कोण बसणार आहे हे ठरवा. माझ्या वहीत ते नाव पहिल्या दिवसापासून होते. बार्शीच्या रस्त्यावर, अंगात त्राण नसलेला, मान टेकून डोळे मिटलेला माणूस. त्याच्यासाठीच गाडी पाहायला निघालो होतो, आणि पेन्सिल हातात येताच सर्वांत आधी त्यालाच विसरलो.

पुढे दोन महिन्यांनी एका निवृत्त सहकाऱ्यांची अकरा वर्षांची गाडी आम्ही एक लाख चाळीस हजारांना घेतली. त्यांनी एका कागदावर तिचे दोष स्वतःच लिहून दिले होते: क्लच जड आहे, एसी उतारावरच गार करतो, मागचे डावे दार आतून उघडत नाही, २०२१ मध्ये बैलगाडीला घासली. चाचांनी तपासून आणखी दोन दोष काढले आणि ते कागदाच्या खाली लिहिले. एकूण खर्च सव्वीस हजार आला. आम्ही तीस धरला होता.

अण्णा पुढे डावीकडे बसतात. पट्टा अंगावर घेतात, खटका लागल्याचा आवाज आला की मग ‘चल’ म्हणतात. परवा पाऊस पडून गेल्यावर वाटेत ते एकदम पुढे वाकले आणि काचेला आतून पंजा लावून पाहिला. मी विचारले, काय झाले? “काही नाही,” ते म्हणाले, “वाफ धरलीय, पुसून घेतो.”